शंभर टनांतला एक टन

हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानात रोज जे उत्पादन होते, त्याला वजन नाही. तेथून मालगाडी सुटत नाही की मालाचे ट्रक भरले जात नाहीत. संगणकाच्या पडद्यावर सिद्ध झालेली आज्ञावली क्षणार्धात समुद्रापार जाते आणि तिचे मोल परकीय चलनात जमा होते. त्यामुळे हा उद्योग जमिनीपासून, खनिजापासून आणि अंगमेहनतीपासून मुक्त झाला आहे, असा एक समज सुशिक्षित मध्यमवर्गात रूढ झाला आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. या इमारतींत शिरणारी वीज ज्या रोहित्रांतून येते त्यांची वेटोळी, भिंतीआडून फिरणाऱ्या तारा, संगणकाच्या आतील पाट्यांवरील रेषा, वातानुकूलन यंत्रांच्या नळ्या या सर्वांसाठी तांबे लागते. वजनरहित उत्पादनाचा हा सारा डोलारा एका जड धातूवर उभा आहे, आणि तो धातू कोठेतरी डोंगर फोडूनच मिळवावा लागतो.

असा एक डोंगर महाराष्ट्राच्या सीमेपासून फार दूर नाही. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड येथे देशातील सर्वांत मोठी तांब्याची खाण आहे. हा जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात मोडत होता. आजही तेथील बाजारपेठेत मराठी ऐकू येते. खाणीच्या परिसरात गोंड आणि बैगा या आदिवासी जमातींची वस्ती आहे. ‘हिंदुस्थान कॉपर’ या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने १९८२ साली येथे वर्षाला २० लाख टन खनिजाची उघडी खाण सुरू केली. ही खाण कशी चालते, तिचा माल कोणत्या वाटेने जातो आणि त्या वाटेवर कोणाच्या पदरात काय पडते, याचा हिशेब समाजवादी कार्यकर्त्यांनी नीट मांडून पाहणे आवश्यक आहे. कारण या हिशेबातून निघणारा निष्कर्ष, खनिजसंपत्तीविषयी चळवळीत वर्षानुवर्षे दिल्या जाणाऱ्या एका लोकप्रिय घोषणेला छेद देणारा आहे.

डोंगरापासून तारेपर्यंत

मलाजखंडचे तांबे शुद्ध धातूच्या रूपात सापडत नाही. गारगोटीच्या कठीण खडकात ते गंधक आणि लोह यांच्याशी संयोग पावलेल्या खनिजाच्या रूपात विखुरलेले आहे. खडकातील तांब्याचे प्रमाण ढोबळमानाने शेकडा एक. म्हणजे शंभर टन खनिज काढले तर त्यात एक टन तांबे. ही गोष्ट मलाजखंडपुरती नाही. जगातील बहुतेक मोठ्या उघड्या खाणींत हे प्रमाण एवढेच किंवा याहूनही कमी असते. शिवाय या शंभर टनांपर्यंत पोहोचण्यासाठी वरचा आणि बाजूचा कित्येक टन निरुपयोगी खडक आधी हलवावा लागतो, तो वेगळाच.

खाणीचा आकार उलट्या पायऱ्यांच्या विहिरीसारखा असतो. प्रत्येक पायरीवर यंत्राने भोके पाडून सुरुंग उडवतात. फुटलेला खडक मोठ्या फावड्यांची यंत्रे डंपरमध्ये भरतात. टाकाऊ खडक ढिगांकडे जातो आणि खनिज दळण्याच्या यंत्राकडे. येथवरचा प्रवास मोजक्याच अंतराचा असतो, पण खर्चाचा फार मोठा भाग त्यातच जातो, कारण तो सारा चढाचा प्रवास आहे. खाण जसजशी खोल जाते तसतसे डंपरला तेच खनिज अधिकाधिक उंच वाहून न्यावे लागते, आणि बाजू ढासळू नयेत म्हणून अधिकाधिक टाकाऊ खडकही कापावा लागतो. अमेरिकेच्या युटा राज्यातील बिंगहॅम कॅनियन या शतकाहून जुन्या खाणीत यासाठी खनिज खाणीतच फोडून सुमारे ८ किलोमीटर लांबीच्या पट्ट्यावरून बाहेर आणण्याची व्यवस्था केलेली आहे. पण अशा उपायांनाही मर्यादा असते. एका खोलीनंतर उघडी खाण परवडेनाशी होते आणि भुयारे खणावी लागतात. चिलीतील चुकीकामाता ही जगद्विख्यात उघडी खाण २०१९ साली याच कारणाने भूमिगत झाली. मलाजखंडही त्याच मार्गाने गेले असून तेथील भूमिगत खाणीचे उद्दिष्ट वर्षाला ५० लाख टनांचे आहे.

पुढची क्रिया सांद्रणाची. खनिज प्रथम फोडतात, नंतर पोलादी गोळे असलेल्या फिरत्या पिंपांत पाण्याबरोबर पिठासारखे दळतात. या दळणालाच सर्वाधिक वीज लागते. त्या राळ्यात विशिष्ट रसायने घालून खालून हवा सोडली की तांब्याचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात आणि गारगोटीची भुकटी तळाशी राहते. हा फेस वेगळा काढून, गाळून, वाळवला की सुमारे २५ टक्के तांबे असलेली काळपट भुकटी हाती येते. तिला सांद्रित म्हणतात. शंभर टन खनिजातील तांब्यापैकी दहा टक्के या खटाटोपात निसटते असे धरले, तर साडेतीन टनांच्या आसपास सांद्रित मिळते. उरलेला शहाण्णव टनांहून अधिक गाळ नळातून वाहत जाऊन खाणीजवळच्या बांधामागे साचतो.

सांद्रित मात्र तेथे थांबत नाही. ते ट्रकने रेल्वेपर्यंत, रेल्वेने भट्टीपर्यंत जाते. भट्टीत गंधक जळून वायुरूपाने बाहेर पडते, लोह मळीत जाते आणि तांबे उरते. मग त्याच्या पाट्या ओतून त्या विद्युत् विच्छेदनाने शुद्ध करतात, म्हणजे ९९.९९ टक्के शुद्धतेचा पत्रा तयार होतो. त्या पत्र्याची सळई, सळईची तार, आणि तार हिंजवडीला.

उसाचा आणि तांब्याचा न्याय

या प्रवासातील एक नियम ध्यानात घेण्याजोगा आहे. जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर याने १९०९ साली उद्योगांच्या स्थाननिश्चितीविषयी मांडलेल्या सिद्धांतात म्हटले होते की, ज्या कच्च्या मालाचे वजन प्रक्रियेत फार घटते त्याचा कारखाना त्या मालाजवळच उभा राहतो, कारण टाकाऊ वजन दूरवर वाहून नेणे कोणालाच परवडत नाही. महाराष्ट्रातील कार्यकर्त्याला हे समजण्यासाठी जर्मनीला जाण्याची गरज नाही. शंभर टन उसाची साखर जेमतेम दहा-अकरा टन होते. म्हणून साखर कारखाना शिवाराजवळच असावा लागतो. या नैसर्गिक सक्तीचा लाभ घेऊन विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा सहकारी कारखाना उभारला. तेथे १९५० साली पहिले गाळप झाले आणि ऊस पिकवणारा शेतकरीच कारखान्याचा भागधारक बनला. पुढे सहकारात जे दोष शिरले ते सर्वांना ठाऊक आहेत. पण मूळ तत्त्व निर्विवाद होते: माल जेथे निर्माण होतो तेथील माणसाचा त्याच्या अंतिम किमतीवर हक्क आहे.

तांब्याच्या बाबतीत सांद्रणाचा कारखाना वेबरच्या नियमाप्रमाणे खाणीजवळच राहिला. परंतु तेथील गोंड किंवा बैगा भागधारक झाला नाही. उसाच्या चिपाडाचे सरपण होते, मळीचे खत होते. तांब्याच्या शंभर टनांतील शहाण्णव टन गाळाचे काहीही होत नाही. उलट, त्यात उरलेले गंधकयुक्त खनिज हवा-पाण्याच्या संपर्काने हळूहळू आम्ल बनवू शकते आणि ते आम्ल धातूंचे अंश घेऊन झऱ्यांत उतरू शकते. खाण बंद झाल्यावरही कित्येक दशके हा धोका टळत नाही. गारगोटीची धूळ ज्यांच्या छातीत जाते त्यांना सिलिकोसिसचा धोका असतो, आणि हा रोग बरा होत नाही. अशा रीतीने वजनाचा नियम तांब्याच्या वाटेवर एक सामाजिक विभागणी घडवतो. जे जड, टाकाऊ आणि घातक ते खाणीपाशी राहते. जे हलके आणि मौल्यवान ते प्रत्येक टप्प्यागणिक दूर जाते.

‘कारखाना येथेच हवा’ ही घोषणा

या विभागणीला चळवळीने आजवर दिलेले उत्तर ठरलेले आहे: कच्चा माल बाहेर जाऊ देऊ नका, भट्टीही येथेच उभारा, म्हणजे मूल्यवृद्धी येथेच होईल. लोखंडाच्या, मँगनीजच्या, बॉक्साइटच्या खाणींबाबत ही घोषणा दिली गेली आहे आणि वसाहतकाळाच्या अनुभवातून ती आल्यामुळे तिला नैतिक बळही आहे. परंतु तांब्यापुरता तरी तिचा फेरविचार करणे प्राप्त आहे.

स्वातंत्र्योत्तर नियोजनाची तांब्याबाबतची कल्पना भव्य होती. हिंदुस्थान कॉपरची स्थापना १९६७ साली झाली. घाटशिलाची ब्रिटिश मालकीची खाण व भट्टी १९७२ साली राष्ट्रीयीकरणाने तिच्याकडे आली. राजस्थानात खेतडी येथे नवी भट्टी उभी राहिली आणि मलाजखंडचे सांद्रित तेथे जाऊ लागले. रायगड जिल्ह्यातील तळोजे येथे १९८९ साली सळई ओतण्याचा वर्षाला ६०,००० टन क्षमतेचा कारखाना सुरू झाला. सातपुड्यातील खडक ते तळोज्याची सळई ही साखळी पूर्णपणे जनतेच्या मालकीची होती. नव्वदीनंतर आयात खुली झाली, बंदरांवर मोठ्या खाजगी भट्ट्या आल्या आणि साखळीचे दुवे निखळू लागले. खेतडीची भट्टी २००८ सालापासून बंद पडली. आता कंपनीच्या उत्पन्नाचा मुख्य आधार सांद्रिताची विक्री हाच आहे. सार्वजनिक खाणीतून निघालेले सांद्रित दुसऱ्याच्या भट्टीत जाते.

त्या खाजगी भट्ट्यांपैकी एक महाराष्ट्रात येणार होती. स्टरलाइट कंपनीच्या तांबे प्रकल्पासाठी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९९२ साली रत्नागिरीजवळ जागा दिली आणि बांधकामही सुरू झाले. पण भट्टीच्या धुराने हापूसच्या बागा आणि मासेमारी धोक्यात येईल, हे ओळखून १९९३ साली रत्नागिरीकर रस्त्यावर उतरले. सरकारला काम थांबवावे लागले. प्रकल्प तमिळनाडूत तुत्तुकुडीला गेला. तेथे अनेक वर्षांच्या तक्रारींनंतर २२ मे २०१८ रोजी निदर्शकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि १३ जणांचे प्राण गेले. त्यानंतर कारखाना बंद झाला आणि २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीची याचना फेटाळली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, रत्नागिरीत किंवा तुत्तुकुडीत तांब्याची खाण नव्हती. सांद्रित जहाजाने परदेशातून येणार होते. म्हणजे भट्टी खाणीशी बांधलेली नाही. ती बंदराशी बांधलेली आहे. चिलीच्या एस्कोंदिदा खाणीत सांद्रित पाण्यात कालवून नळाने थेट कोलोसोच्या बंदरात उतरवतात आणि तेथून ते जहाजाने आशियाकडे निघते. देशाला लागणाऱ्या सांद्रिताचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग आज आयात होतो आणि दहेज, मुंद्रा येथील भट्ट्या त्यावर चालतात.

मग भट्टीमध्ये मूल्यवृद्धी किती होते? याचे उत्तर बाजारच देतो. खाणमालक भट्टीवाल्याला सांद्रित वितळवून देण्याबद्दल मजुरी देतो, तिचे दर दरवर्षी जागतिक वाटाघाटींतून ठरतात. हा दर २०२४ साली सांद्रिताच्या टनामागे ८० डॉलर होता. २०२५ साली तो २१.२५ डॉलरवर कोसळला. एक टन तांब्यासाठी सुमारे चार टन सांद्रित लागते. म्हणजे ९,००० डॉलरच्या आसपास किमतीच्या टनभर तांब्यामागे भट्टीची मजुरी आधी ३२० डॉलर होती, ती ८५ डॉलरवर आली. शुद्धीकरणाचा आकार, आम्लाची विक्री, सोन्या-चांदीचे अंश हे धरले तरी चित्र मूलतः बदलत नाही. जगात भट्ट्या जास्त झाल्या आहेत आणि खनिज कमी पडते आहे. अंतिम किमतीचा सिंहाचा वाटा खाणीतच निश्चित होतो. ज्या ठिकाणी धूर आहे त्या ठिकाणी धन नाही, असा हा विचित्र पेच आहे. खाण-जिल्ह्याने भट्टीसाठी हट्ट धरणे म्हणजे गाळाच्या जोडीला धूरही मागून घेणे होय, आणि त्याचा मोबदला अल्प आहे.

खंड कोणाचा?

अर्थशास्त्राच्या भाषेत खाणीत निर्माण होणारा हा अतिरिक्त लाभ म्हणजे खंड. डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली शेतजमिनीच्या संदर्भात त्याची मीमांसा केली. ज्या उत्पन्नामागे मालकाचे श्रम नाहीत आणि भांडवलाचा नेहमीचा परतावा वजा केल्यावरही जे उरते, ते निसर्गदत्त साधनाच्या दुर्मिळतेचे उत्पन्न असते. खनिज तर शेतजमिनीहून अधिक नाजूक आहे, कारण ते एकदाच विकता येते. म्हणून खरा प्रश्न भट्टी कोठे, हा नसून खंड कोणाचा, हा आहे.

कायद्याने आज जो वाटा ठरवला आहे तो तपासून पाहावा. तांब्यावरील स्वामित्वधन खनिजातील धातूच्या आंतरराष्ट्रीय किमतीच्या ४.६२ टक्के आहे. २०१५ च्या दुरुस्तीनुसार, त्यापूर्वीच्या खाणपट्ट्यांनी या स्वामित्वधनाच्या ३० टक्के इतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानाला द्यावयाची असते. हिशेबासाठी तांब्याचा भाव टनाला ८ लाख रुपये आणि खनिजातील प्रमाण शेकडा एक धरू. एक टन खनिजात १० किलो तांबे, म्हणजे ८,००० रुपयांचा धातू. त्यावर राज्याला सुमारे ३७० रुपये आणि जिल्ह्याच्या प्रतिष्ठानाला सुमारे १११ रुपये. वर्षाला २० लाख टनांच्या हिशेबाने धातूची किंमत १,६०० कोटी होते आणि जिल्ह्याच्या पदरात २२ कोटी पडतात. शंभर रुपयांत १ रुपया ३९ पैसे. खनिजात तांबे जितके टक्के आहे, जवळपास तितकेच टक्के खाणीच्या जिल्ह्याच्या वाट्याला यावेत, हा काव्यगत न्याय कोणालाही समाधान देणारा नाही. आणि ही रक्कमही खाणग्रस्त गावांवरच खर्च होते, असे समजण्याचे कारण नाही. प्रतिष्ठानांच्या पैशातून जिल्ह्याच्या मुख्यालयी इमारती आणि रस्ते झाल्याच्या तक्रारी देशभर आहेत.

यावर कोणी म्हणेल की, कंपनीच सरकारी असल्यामुळे उरलेला खंड जनतेलाच मिळतो. काही अंशी हे खरे आहे, आणि म्हणूनच हिंदुस्थान कॉपरमधील सरकारचा वाटा विकत विकत दोन तृतीयांशांवर आणला गेला, ही गोष्ट आक्षेपार्ह आहे. भट्टी विकली असती तर तोट्याचे ओझे गेले म्हणता आले असते. समभाग विकणे म्हणजे खाणीच्या खंडातील हिस्सा कायमचा देऊन टाकणे. पण सरकारी मालकी आणि लोकांची मालकी या दोन गोष्टी आपोआप एक होत नाहीत, हा धडा मलाजखंडने दिला आहे. लाभांश दिल्लीच्या तिजोरीत जातो. बांधामागचा गाळ बैगांच्या शेजारी राहतो.

या संदर्भात चिलीचा इतिहास उद्‌बोधक आहे. साल्वादोर आयेंदे यांच्या समाजवादी सरकारच्या काळात, ११ जुलै १९७१ रोजी चिलीच्या संसदेने मोठ्या तांबे खाणींच्या राष्ट्रीयीकरणाला एकमताने मान्यता दिली. १९७३ साली लष्कराने आयेंदे यांची राजवट उलथून टाकली आणि अर्थव्यवस्थेतील जवळपास सारे काही खाजगी हाती सोपवले. पण राष्ट्रीयीकृत खाणी त्या राजवटीनेही विकल्या नाहीत. त्या चालवण्यासाठी १९७६ साली कोडेल्को ही सरकारी कंपनी स्थापन केली. बाजारपेठेचे कट्टर उपासकही तांब्याचा खंड सोडायला तयार नव्हते. पुढे तेथे नव्या खाजगी खाणी आल्या, तेव्हा त्यांच्यावर वाढीव स्वामित्वधन बसवणारा कायदा २०२३ साली संमत झाला आणि त्यातील एक हिस्सा थेट नगरपालिकांना देण्याची तरतूद करण्यात आली. राष्ट्राची मालकी आणि स्थानिकांचा वाटा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागता येतात, हे यावरून दिसते.

याउलट, बोगनव्हिल बेटावरील पांगुना खाणीचे उदाहरण आहे. १९७२ साली सुरू झालेल्या या प्रचंड उघड्या खाणीचा गाळ नदीत सोडला जात असे. लाभ बाहेर आणि गाळ घरात, या व्यवस्थेविरुद्ध बेटावरील लोकांनी बंड केले, १९८९ साली खाण बंद पडली आणि त्यापाठोपाठ अनेक वर्षांचे रक्तरंजित यादवी युद्ध झाले. खंडाच्या वाटपाचा प्रश्न वेळीच न सोडवल्यास तो कोणत्या वळणावर जातो, याची ही साक्ष आहे.

उद्याची खाण

हा प्रश्न महाराष्ट्राच्या हद्दीबाहेरचा आहे, असे मानून चालणार नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील ठाणेवासना परिसरात तांब्याचे साठे असल्याचे भूवैज्ञानिकांना अनेक दशकांपासून माहीत आहे. विजेच्या मोटारी आणि सौरऊर्जा यांमुळे तांब्याची भूक वाढत असताना असे साठे फार काळ जमिनीत राहतील, अशी अपेक्षा करणे भोळेपणाचे ठरेल. शेजारच्या गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखनिजाने जे घडवले ते समोर आहेच. तेथे वर्षानुवर्षे खनिजाचे ट्रक आलापल्ली-अहेरीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून धावले, रस्ते उखडले, धूळ पिकांवर बसली आणि अपघातांमुळे लोकक्षोभ उसळला. त्यानंतर, २०२५ साली, हेडरी ते कोनसरी अशी सुमारे ८५ किलोमीटरांची नळवाहिनी सुरू झाली, आणि दळलेले खनिज पाण्यातून वाहू लागले. तंत्र अगोदरपासून उपलब्ध होते. खाण सुरू करताना ते वापरण्याची सक्ती कोणी केली नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाहतुकीचा मार्ग आणि गाळाची जागा या बाबी खाणपट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेपुढे आल्या पाहिजेत. खाण सुरू झाल्यावर त्यांवर आंदोलन करणे म्हणजे निम्मी लढाई हरून मैदानात उतरणे होय.

तेव्हा कार्यकर्त्यांनी ज्या मागण्या लावून धरावयास हव्यात त्या स्पष्ट आहेत. हिंदुस्थान कॉपरमधील सरकारी समभागांची आणखी विक्री होऊ नये. जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा वाटा वाढवावा, तो खाणग्रस्त ग्रामसभांच्या ठरावानेच खर्च व्हावा आणि त्याचा हिशेब गावाच्या चावडीवर लागावा. गाळाच्या बांधांची खाण बंद झाल्यानंतरची देखभाल करण्यासाठी चालू उत्पन्नातूनच वेगळा निधी बाजूला काढावा. भूमिगत कामावर असलेल्या प्रत्येक कंत्राटी कामगाराची छातीची तपासणी कायम कामगाराप्रमाणेच व्हावी आणि कंत्राट संपल्यानंतरही ती चालू राहावी, कारण सिलिकोसिस कंत्राटाची मुदत पाहून येत नाही.

हिंजवडीतील खाण

राहता राहिला प्रश्न हिंजवडीचा. ज्या मुळशी तालुक्यात ती वसली आहे, तेथील शेतकऱ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. मुंबईला वीज मिळावी म्हणून मावळ्यांच्या जमिनी बुडणार होत्या. एका ठिकाणचा प्रकाश दुसऱ्या ठिकाणच्या काळोखाच्या मोलाने येतो, हे त्या लढ्याने शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवले. त्याच तालुक्यातील संगणक-कर्मचाऱ्यांना मलाजखंडशी काही देणेघेणे नाही, असे म्हणता येणार नाही.

शिवाय हिंजवडी स्वतःच एक खाण आहे. दर काही वर्षांनी तेथील संगणक, सर्व्हर आणि तारा टाकाऊ ठरतात. संगणकातील पाट्यांमध्ये तांब्याचे प्रमाण वजनाच्या शेकडा १० ते २० भाग असू शकते. म्हणजे मलाजखंडच्या खडकाच्या दहा ते वीस पट. या खनिजासाठी सुरुंग लावावा लागत नाही, ना कोणाचे गाव उठवावे लागते. पण ही खाणही आज कोणाच्या श्रमावर चालते? तारा उघड्यावर जाळून आणि पाट्या आम्लात बुडवून तांबे काढणारे असंघटित कामगार देशाच्या शहरोशहरी आहेत. मलाजखंडच्या कामगाराच्या छातीत धूळ जाते, यांच्या छातीत विषारी धूर. २०२३ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत उत्पादक, निर्माते, दुरुस्ती करणारे आणि पुनर्चक्रण करणारे यांची नोंदणी आहे. वेचकाचा या चार वर्गांत समावेश नाही. मात्र याच नियमांनी अशा कामगारांची नोंद करून त्यांचे गट बांधण्याची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली आहे. या कलमाचा पाठपुरावा करण्यास पुण्याइतके योग्य शहर दुसरे नाही. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली १९९३ साली येथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि कचरा वेचणाऱ्या स्त्रियांनी ओळखपत्र, विमा आणि पुढे स्वतःची सहकारी संस्था मिळवली. हिंजवडीतील कंपन्यांनी आपला ई-कचरा कोणाला दिला हे जाहीर करावे आणि तो गोळा करण्याचा व सुटा करण्याचा पहिला हक्क सुरक्षित साधनांसह अशा सहकारी संस्थांना मिळावा, ही मागणी घेऊन पुण्यातील कार्यकर्ते उद्याच पिंपरी-चिंचवडच्या आणि औद्योगिक महामंडळाच्या कार्यालयांत जाऊ शकतात. माहिती तंत्रज्ञानातील तरुण कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी या मागणीवर सही करावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

भंगारातून निघणारे तांबे नव्या खाणीची गरज पूर्णपणे संपवणार नाही. मागणी वाढते आहे आणि जुने तांबे तारांच्या रूपाने भिंतींत अडकून आहे. परंतु जेवढे तांबे हिंजवडीतून परत मिळेल, त्याच्या प्रत्येक टनामागे शंभर टन खडक जमिनीतच राहील आणि शहाण्णव टन गाळ कोणाच्या शिवारात जाणार नाही. ठाणेवासन्याच्या खाणीचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे येईल तेव्हा तेथील माणसाने विचारायचा पहिला प्रश्नही हाच असला पाहिजे: जे तांबे वर आहे ते आधी वापरून झाले आहे काय? आणि खाण झालीच, तर शंभर टनांतला तो एक टन विकून येणाऱ्या पैशात गावाचा वाटा किती, हे सुरुंग लागण्यापूर्वी कागदावर लिहून मिळणार आहे काय? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत खाणपट्ट्याच्या ठरावावर हात वर करण्याची घाई कोणत्याही ग्रामसभेने करू नये.